दोन मजल्यांचा पोलीस

लग्नकार्यात कुणी माझी ओळख "हे पोलीस खात्यात होते, मोठमोठ्या लोकांचे बॉडीगार्ड" अशी करून दिली, की समोरचा माणूस खुर्ची जवळ ओढतो. त्याला एखादा मंत्री, एखादी नटी ऐकायची असते. मंत्री मी सांभाळले आहेत. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ते फार उशिरा जेवतात आणि त्यामुळे आपल्यालाही उशिरा जेवावं लागतं. माझ्या नोकरीतला सगळ्यात धमाल आणि सगळ्यात कठीण काळ गेला तो शनिवार पेठेतल्या एका इमारतीत, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात.

दुसऱ्या मजल्यावर कुमुदताई राहायच्या. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, वय सत्तरीच्या पुढे, यजमान वारलेले, मुलगी परदेशात. पहिल्या मजल्यावर त्यांचे धाकटे भाऊ अनंतराव. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, एकटेच. ताई पुरोगामी, राव परंपरेचे अभिमानी. दोघांची मतं इतकी उलटी, की एकाने आज हवा छान आहे म्हटलं तर दुसरा स्वेटर घालायचा.

ताईंनी एका देवस्थानाबद्दल लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की तिथल्या उत्सवात पहिला मान पूर्वी ज्या समाजाचा होता, तो समाज आज मांडवाच्या बाहेर उभा असतो, आणि हा बदल आपोआप झालेला नाही, कुणीतरी केलेला आहे. लेख लांबलचक होता. कुणीतरी त्यातल्या मधल्या दोन ओळी उचलल्या, खाली लाल अक्षरांत दोन शिव्या जोडल्या आणि ते फोनवरून फिरायला लागलं. आठवड्याभरात ताईंना धमक्या सुरू झाल्या. मग साहेबांनी मला बोलावलं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हातारीच्या मागं फिरायची ड्युटी हाय व्हय? मंत्र्याकडनं काढून टाकलं का काय तुम्हाला?"

आम्ही मूळचे खराडीचे. जिथं आमची ज्वारी उभी असायची तिथं आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्यात आमच्या आळीतली पोरं गळ्यात पट्टा अडकवून कामाला जातात. मी सकाळी पूजा केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, कपाळाला गंध असतं. ताईंचा लेख मी वाचला नव्हता, पण ऐकून माहीत होता, आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं, "ताई, तुमचं लिहिलेलं मला पटत नाही. पण माझ्या ड्युटीत फरक पडणार नाही."

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पटायची ड्युटी लावलीच नाहीये तुम्हाला. चहात साखर किती?"

आमचं काम सिनेमातल्यासारखं नसतं. काळा चष्मा नाही, कानात वायर नाही. कमरेला पिस्तूल असतं, पण ते काढायची वेळ आली म्हणजे काम आधीच बिघडलेलं असतं. ज्याला सांभाळायचं त्याच्या अर्धं पाऊल मागं, एका अंगाला चालायचं. हॉलमध्ये शिरलं की आधी बाहेर पडायची दारं बघायची. लोकांचे चेहरे बघत बसायचं नाही, हात बघायचे. पुण्यात व्याख्यानाला येणाऱ्या निम्म्या लोकांचे चेहरे तसेही रागावलेलेच असतात, त्यावरून काही कळत नाही. आणि आपले स्वतःचे हात कायम मोकळे ठेवायचे. पिशवी धरायची नाही, छत्री धरायची नाही, कुणी पेढा दिला तरी खिशात टाकायचा.

या शेवटच्या नियमानं माझी पार अब्रू गेली. ताई रोज मंडईत जायच्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन वाकत वाकत म्हातारी पुढं, आणि मागं मी, साध्या कपड्यातला धडधाकट बाप्या, हात हलवत. एका भाजीवाल्या मावशी मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाल्या, "मुलगा दिसतोय. काय संस्कार असतात एकेकाचे!" एका आजोबांनी तर मला थांबवूनच विचारलं, "तब्येत बरी नसते का आपली?" ताई हे सगळं ऐकायच्या, खुलासा अजिबात करायच्या नाहीत, आणि घरी आल्यावर हसून हसून खोकायच्या.

अनंतरावांची पहिली भेट जिन्यात झाली. त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, चष्मा बदलून पुढून-मागून वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "लोकांपासून हिचं रक्षण तुम्ही करणार. हिच्यापासून लोकांचं कोण करणार?"

वरून आवाज आला, "अनू, चहा गार होतोय."

"आलो अक्का," म्हणत ते गेले.

हा त्यांचा नेम होता. सकाळचा चहा वर, ताईंकडे. दोघांकडे दोन वेगळी वर्तमानपत्रं. एकमेकांना मोठ्यांदा वाचून दाखवायची आणि भांडायचं. वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांतसुद्धा दोघं एकमेकांविरुद्ध लिहायचे. 'पत्रलेखिकेचा अभ्यास कमी पडतो' असं भावानं छापून आणलं, की बहीण त्या दिवशी त्याच्या चहात आलं घालायची नाही.

अनंतराव रविवारी तरुण मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायचे. जुना इतिहास, परंपरा, सणवार, देवळं कशी बांधली, असे विषय. खराडीच्या कंपन्यांतली बरीच मुलं यायची. मीही जिन्यात उभ्या उभ्या ऐकायचो. छान बोलायचे. मनातून मी त्यांच्याच बाजूचा होतो.

एकदा अनंतरावांचं जाहीर व्याख्यान होतं. ताई ऐकायला निघाल्या, म्हणून मीही. राव बोलायला उभे राहिले आणि दहा-पंधरा जणांनी मागून घोषणा सुरू केल्या. ही सगळी ताईंच्या बाजूची मंडळी, त्यातले काही त्यांचे विद्यार्थी. एकानं व्यासपीठामागचा बॅनर फाडला, दुसऱ्यानं जाऊन माईक हिसकावला. राव नुसते उभे होते, कागद हातात धरून. मला उठता येईना, कारण मी ताईंना सोडून हलायचं नाही. पण ताईच उठल्या. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा कुरकुरतो हे मला माहीत होतं. त्या चढल्या, माईकवाल्यापुढे हात पसरला. तो पोरगा बघतच राहिला.

"मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या आहात!"

"म्हणूनच लाज वाटतेय. दे इकडे."

त्यानं माईक दिला. ताईंनी तो भावाच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "बोल, अनू. चुकीचं बोल, पण पूर्ण बोल." आणि खाली येऊन पहिल्या रांगेत बसल्या. राव पूर्ण बोलले. जरा जास्तच पूर्ण बोलले, असं ताईंचं मत पडलं.

त्यानंतर ताईंना बोलावणी कमी झाली. त्यांच्या गोटातले काहीजण रस्त्यात दिसले तरी फूटपाथ बदलायचे. त्या बोलून दाखवायच्या नाहीत, पण फोन वाजला की पटकन उठायच्या आणि तो बँकेचा निघाला की हळूच बसायच्या. ते बघवायचं नाही.

मग ताईंचं व्याख्यान ठरलं. विषय तोच, देवस्थानाचा मान. हॉलवाले नको म्हणत होते, साहेब नको म्हणत होते, मीही म्हणालो, "ताई, दोन महिने जाऊ द्या." त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मी असेनच असं लिहून द्या." अनंतराव म्हणाले, "तू जे बोलणार आहेस ते साफ चूक आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे." ही त्यांची पाठिंबा द्यायची पद्धत.

हॉल भरला होता. दारात बंदोबस्ताचे दोन शिपाई होते. ताईंचं बोलणं रंगात आलं होतं, आणि मधल्या रांगांतून सात-आठ जण एकदम उठले. घोषणा सुरू झाल्या. मी व्यासपीठाच्या कडेला होतो. आधी शाईची बाटली आली, ती टेबलावर फुटली आणि ताईंची पांढरी साडी निळी झाली. शिपाई त्या बाजूला धावले. त्याच वेळी मला डावीकडे एक हात खांद्याच्या मागं गेलेला दिसला. हातात काय होतं ते बघायला मी थांबलो नाही. ताईंच्या पुढ्यात गेलो. दगड माझ्या उजव्या खांद्यावर बसला. तो ताईंच्या डोक्याच्या उंचीवर आला होता, एवढं सांगतो.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ताईंना टेबलामागं खाली बसवलं आणि त्यांच्यावर वाकून राहिलो. त्या खालून म्हणत होत्या, "अहो, माझा चष्मा तुमच्या पायाखाली आहे."

दगड मारणारा दाराकडे पळाला. तो निसटलाच असता. पण गोंधळात अनंतरावांचा आवाज घुमला, "सारंग! थांब!"

आणि तो थांबला. खरंच थांबला. वर्गात हजेरी घेताना थांबावं तसा. तेवढ्यात शिपायांनी त्याला धरला.

सारंग हा अनंतरावांच्या अभ्यासवर्गातला अगदी आवडता विद्यार्थी. सव्वीस-सत्तावीसचा, खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, बोलायला नम्र. जिन्यात भेटला की मला "नमस्कार साहेब" म्हणायचा. त्याला मी ओळखत होतो, आणि त्याचाच दगड मी झेलला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात अनंतराव थर्मास घेऊन आले. एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "चौकीत जबाब देऊन आलो. मीच पाहिलं, मीच नाव सांगितलं."

मी म्हणालो, "राव, तुमचाच मुलगा म्हणायचा तो."

"सकाळपासून आमचे लोक येऊन बसले होते. म्हणे, गर्दीत तुम्हाला नीट दिसलं नसेल, तुम्हाला मोतीबिंदू आहे. मी म्हटलं, ऑपरेशन झालंय. आता लख्ख दिसतं. तुम्हीसुद्धा दिसायला लागलात." त्यांनी थर्मास खाटेजवळ ठेवला. "तिचं लिहिणं मी आयुष्यभर खोडून काढलं, जमादार. शब्दानं. ती उरलीच नाही, तर मी खोडू काय?"

मग थर्मासचं झाकण उघडून म्हणाले, "अक्कानं कॉफी पाठवलीय. फार गोड असते तिची. तेवढी सहन करा."

माझा हात गळ्यात असतानाच तिकडे रावांची दैना सुरू झाली. त्यांच्या दारावर कुणीतरी 'गद्दार' लिहिलं. ताईंना फोनवर जे बोललं जायचं तेच आता रावांना, आणि तेही कालपर्यंत वाकून नमस्कार करणाऱ्यांकडून. अभ्यासवर्गाला एका रविवारी फक्त दोघंजण आले. राव त्या दोघांसाठी तासभर बोलले आणि संपल्यावर सतरंजी गुंडाळून ठेवली. ताईंनी वरून येऊन ओल्या फडक्यानं दार पुसायला घेतलं, तर राव म्हणाले, "राहू दे अक्का. शुद्धलेखन तरी बरोबर आहे."

मी कामावर परत रुजू झालो तेव्हा साहेबांपुढे पेच होता. धोका दोघांना, आणि माणूस एकच मोकळा. साहेबांनी तोडगा काढला, इमारत एकच आहे ना, मग दोघांना एकच पोलीस.

यातून काय होणार याची साहेबांना कल्पना नव्हती. मला एका वेळी एकाच्याच मागं चालता येतं. म्हणजे बाहेर जायचं तर दोघांनी बरोबर जायचं. ताईंना मंडईत जायचं असलं की रावांनाही मंडई. रावांना देवळात जायचं असलं की ताईही देवळात. त्या बाहेर चपलांपाशी बसून राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चार गोष्टी सुनवायच्या.

"जमादार, उद्या साडेपाचला मला दगडूशेठला जायचंय."

"उद्या साडेपाचला ते माझ्याबरोबर व्याख्यानाला येताहेत. तुझा गणपती परवा असेलच की तिथं."

"पोलीस सरकारनं दोघांना दिलाय!"

"धमक्या मला आधी आल्या."

असं चालायचं. ज्येष्ठतेचा मुद्दा निघाला की राव हरायचे. पण या सक्तीनं एक झालं. जन्मभर ज्या सभांची एकमेकांनी फक्त टिंगल केली, त्या सभा त्यांना शेवटपर्यंत बसून ऐकाव्या लागल्या. मलाही. परतताना रिक्षात माझ्या दोन्ही कानांशी दोन बाजू. मी पुढं रिक्षावाल्याजवळ बसायला लागलो, तर रिक्षावालाही एकदा भांडणात पडला आणि ओंकारेश्वराच्या वळणाऐवजी आम्हाला पार डेक्कनला घेऊन गेला.

त्या दिवसांत मी ताईंचा लेख वाचला. पूर्ण. निम्मा पटला. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "कुठला निम्मा?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो सोपा निम्मा होता."

खटल्यात मी साक्ष दिली, रावांनी दिली, ताईंनीही दिली. शेवटी सारंगनं गुन्हा कबूल केला. कोर्टानं दंड केला आणि चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं. त्याची नोकरी गेली होती. शाई फेकणारा आणि त्यांना तिथं पाठवणारे कोण, ते कधी नीट पुढं आलं नाही. तेवढी खंत मला आहे. पोलिसाच्या हाताला फेकणारा लागतो. फेकायला लावणारा घरी चहा पीत बातम्या बघतो. आणि अभ्यासवर्ग परत सुरू झाला नाही याचंही वाईट वाटतं. चांगला वर्ग होता.

मी निवृत्त झालो. दोघांचं संरक्षण त्याआधीच काढून घेतलं होतं, धमक्या देणाऱ्यांना नवीन माणसं मिळाली होती. एक दिवस दोघांचा मिळून फोन आला. त्याच हॉलमध्ये दोघांचा वाद ठेवला होता, विषय तोच, देवस्थानाचा मान. अडचण एकच, अध्यक्ष ठरत नव्हता. ताईंनी सुचवलेला प्रत्येकजण रावांच्या मते डावा आणि रावांनी सुचवलेला ताईंच्या मते बुरसटलेला.

"शेवटी तुमच्यावर एकमत झालं," ताई म्हणाल्या.

"ताई, मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालोय. मला अध्यक्ष कुणी केलं?"

राव म्हणाले, "तुम्ही दोघांना सारखेच कंटाळलेले आहात. निःपक्षपाती माणूस आणखी कुठं मिळणार?"

बायकोनं इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि पहिल्यांदाच माझी ड्युटी बघायला आली. मी मधल्या खुर्चीत बसलो. दोघं जोरदार भांडली. लोक खूश होते. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागून एक तरुण उभा राहिला. दाढी वाढलेली, पण मी ओळखला. रावांनीही ओळखला, त्यांचा हात टेबलावर थांबला. मग लोकांनी ओळखला. "बाहेर काढा त्याला!" असा ओरडा सुरू झाला. ओरडणारे दोन्ही बाजूंचे होते. याच एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं काढावा. मी बायकोकडे बघितलं. माझा हात गळ्यात होता तेव्हा महिनाभर तिनं मला भरवलं होतं. तिनं तोंड फिरवलं नाही, मानही हलवली नाही. ठरवायचं मीच होतं.

मी माईक जवळ ओढला. "शांत बसा. प्रश्न विचारायचाय ना तुम्हाला? मग नाव सांगा आणि थोडक्यात विचारा."

"सारंग," तो म्हणाला. "मॅडम, त्या वेळी मी तुमचा लेख वाचला नव्हता. फोनवर दोन ओळी आल्या होत्या. नंतर पूर्ण वाचला. बऱ्याचदा वाचला. मला तो अजूनही पटलेला नाही."

ताई खुर्चीत पुढं सरकल्या. "काय पटलं नाही?"

"तुम्ही म्हणता, त्या लोकांचा मान काढून घेतला. पण दुष्काळात ते गावच सोडून गेले असतील तर? मग मान त्यांनीच सोडला, असंही होऊ शकतं ना?"

ताई म्हणाल्या, "होऊ शकतं. मी त्याचा विचार केला होता. मला ते चूक वाटलं. पण का चूक वाटलं, हे लेखात लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं नाही."

राव म्हणाले, "मी शिकवलंय त्याला, अक्का."

"आणि दगड कुणी शिकवला?"

राव हळूच म्हणाले, "तेच मी स्वतःला विचारतोय." लोक हसणार होते ते थांबले.

सारंग अजून उभाच होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुमचा खांदा..."

"थंडीत दुखतो," मी म्हणालो. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, पण तेवढंच सुचलं. "बसा आता."

तो बसायला लागला, तेवढ्यात ताईंनी माझ्यापुढचा माईक स्वतःकडे ओढून घेतला.

"सारंग, तुझं म्हणणं सविस्तर लिही आणि घरी घेऊन ये. आपण बोलू. पण येण्याआधी फोन कर. मागच्या वेळी न कळवता आला होतास."